सळई कोणत्या सोन्याची?

कसोटी म्हटले, की मुलांना पाच दिवसांचे क्रिकेट आठवते. जळगावच्या सराफ बाजारात मात्र ते एका काळ्या दगडाचे नाव आहे. ९१६ चा हॉलमार्क आणि यंत्रे आल्यापासून तो मागे पडला, तरी त्याची रीत मोठी शहाणपणाची. दगडावर दागिना घासायचा, शेजारी ज्याचा कस आधीच ठाऊक आहे अशी सळई घासायची आणि तेजाब लावून दोन्ही रेघा ताडून पाहायच्या. सारे इंगित त्या सळईत आहे. सळई त्याच दागिन्यातून काढलेली असेल, तर रेघा तंतोतंत जुळतील आणि पितळही बावनकशी ठरेल!

जळगाव-धुळ्याची जी मुले-मुली संगणकाच्या आज्ञावल्या लिहितात, त्यांना अशी कसोटी रोज लावावी लागते. आज्ञावलीचा एकेक लहान भाग वेगळा काढून चालवायचा आणि शेवटी ठाम विधान लिहायचे : ‘उत्तर अमुकच आले पाहिजे.’ ते खोटे ठरले, की यंत्र ओरडते. ॲलन ट्युरिंगने १९४९ साली केंब्रिजच्या परिषदेत सुचविले ते असेच : लिहिणाऱ्याने जागोजाग नेमकी विधाने करावीत, म्हणजे तपासणाऱ्याला ती एकेक करून पाहता येतील.

सराफाचे बिलच घ्या. किंमत ५०,००० रुपये, वर ३ टक्के जीएसटी, एकूण ५१,५००. कोणी लिहितो, ‘रक्कम शून्याहून अधिक असावी.’ खरे आहे; पण हिशेब चुकला तरी ते खरेच राहील! कोणी अपेक्षित रक्कम बिलाच्याच सूत्राने काढतो. ही त्याच दागिन्याची सळई. कोणी किंमत आजच्या बाजारभावावर सोडतो, आणि उद्या भाव हलला, की बिनचूक आज्ञावलीही नापास. कागदावर हिशेब करून ५१,५०० लिहिणारा मला खरा वाटतो. मग यंत्र एखादे दिवशी म्हणते, ‘अपेक्षा ५१,५००, आले ५०,१५०’, आणि जाणता तेवढ्यावरून ओळखतो, की ३ ऐवजी ०.३ टक्के लागले. नुसते ‘चूक’ म्हटले असते, तर बिचारा रात्रभर शोधत बसता.

खरा पेच पुढेच आहे. काम संध्याकाळी द्यायचे आहे. दुरुस्तीला दोन तास हवेत; ५१,५०० खोडून ५०,१५० लिहायला दोन क्षण पुरतात. दिवा हिरवा होतो, मालक खूश होतो. इथून पुढे प्रत्येक बिल चुकेल आणि पहारेकरी मात्र ‘सारे ठीक’ म्हणत उभा राहील. यापेक्षा पहारा नसता तर बरे. निदान दुकानदार स्वतः सावध राहिला असता.

मग लिहिलेला आकडा कधीच बदलू नये काय? बदलावा की! जीएसटी आला तेव्हा जुने आकडे बदलावेच लागले. पण तेव्हा कारण कायद्यात होते, यंत्राच्या उत्तरात नव्हते. म्हणून आकडा बदलणाऱ्याने तो कुठून आणला, हे शेजारी लिहून ठेवावे. ‘सोन्यावर ३ टक्के, १ जुलै २०१७ पासून’, एवढी ओळ पुरे.