त्या 'पण'चं काय करायचं?

रॉकच्या इतिहासात एक वाक्य सारखं भेटतं : 'पण त्यांना अमेरिका काही जिंकता आली नाही.' स्लेड या इंग्लिश बँडबद्दल तर ते हमखास लिहिलं जातं. मला त्या 'पण'चा राग येतो.

1971 ते 1973 या काळात स्लेडची 6 गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. त्यातली 3 तर थेट पहिल्या क्रमांकावरच उतरली. ही पोरं लंडनची नव्हेत. वुल्व्हरहॅम्प्टन-वॉल्सॉलकडची, कारखान्यांच्या पट्ट्यातली. गायक नॉडी होल्डरचे वडील खिडक्या पुसायचं काम करत. गाण्यांची नावं ते मुद्दाम अशुद्ध लिहीत, तिकडच्या बोलीत कानावर पडतात तशी. 'न' आणि 'ण'वरून ज्याला वर्गात कुणी हसलंय, त्याला यातली मजा वेगळी सांगायला नको.

1975 मध्ये ते अमेरिकेत जाऊन राहिले, शहरोशहरी वाजवत फिरले. फारसं काही हाती लागलं नाही. परतले तेव्हा घरी पंकची हवा होती आणि जुने श्रोते पांगले होते.

मग 1983 मध्ये लॉस एंजेलिसच्या क्वायट रायट या बँडने त्यांचंच 'कम ऑन फील द नॉइझ' गायलं. ते अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. गाणं तेच होतं. बदलले होते गाणारे, साल, आणि घरोघरी पोचू लागलेला एमटीव्ही. म्हणजे 10 वर्षांपूर्वी गाण्यातच काही कमी होतं, असं म्हणायची सोय उरत नाही.

इथे 'आपल्या मातीतलं तेच खरं' म्हणून टाळी घेता येईल. मला ते पटत नाही. त्या चौघांना अमेरिका हवी होती, त्यासाठी त्यांनी घरचं गिऱ्हाईक सोडलं. त्यांची इच्छा खोटी होती, हे आपण परस्पर कसं ठरवायचं? हवं होतं ते मिळालं नाही. याला अपयशच म्हणायला हवं. फक्त ते त्यांच्या बेताचं अपयश. माणसाने काय मिळवायचं ठरवलं होतं आणि त्याने केलेली गोष्ट किती चांगली उतरली, हे दोन वेगळे हिशोब आहेत. तो 'पण' दोन्ही एकाच वहीत मांडतो, म्हणून राग.

अर्थात, माझ्यापर्यंत स्लेड पोचलं ते क्वायट रायटमार्फतच. रॉक मला अमेरिकेच्या वाटेनेच मिळालं. त्या वाटेवर जे नव्हतं, ते माझ्यासाठी बराच काळ नव्हतंच. त्यामुळे 'पोचणं महत्त्वाचं नाही' असं मी म्हटलं तर ते फुकटचं शहाणपण होईल.

स्लेडचं 'मेरी ख्रिसमस एव्हरीबडी' ब्रिटनमधल्या दुकानांत आजही दर डिसेंबरला वाजतं. अमेरिकेत ते फारसं कुणाला ठाऊक नाही. रेकॉर्ड मात्र ते न्यूयॉर्कमध्ये झालं होतं, 1973 च्या ऐन उन्हाळ्यात.