पोटातला वैश्वानर (गीता, अध्याय १५, श्लोक १४)



आजचा श्लोक अनेकांना पाठ असतो, कारण तो जेवणाआधी म्हणतात. भगवंत सांगतात की प्राण्यांच्या देहात वैश्वानर नावाचा अग्नी होऊन मीच राहतो, आणि प्राण-अपानाच्या जोडीनं चारही प्रकारचं अन्न मीच पचवतो. चावायचं, गिळायचं, चाटायचं, चोखायचं, असे ते चार प्रकार. ताट समोर असतं, भूक लागलेली असते, आपण भरभर म्हणून मोकळे होतो.

मला हा श्लोक भरभर म्हणता येत नाही. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला निदान झालं, त्याला आता सात वर्षं झाली. मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येते, जखमा होतात, रक्त पडतं, आणि आजार उसळला की दिवसातून दहा-बारा वेळा संडासला पळावं लागतं. याच घराण्यातला दुसरा आजार म्हणजे क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, आणि आपल्याकडे आतड्याच्या टीबीशी त्याची गल्लत होते. दोन्ही एकापासून दुसऱ्याला लागत नाहीत. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. गोळ्या घेऊन कायमचा बरा होईल असा हा आजार नाही, पण तो शांत ठेवता येतो, अगदी वर्षानुवर्षं.

आता प्रश्न असा, की अन्न पचवणारा तोच आहे तर माझ्या पोटात हे काय चाललंय? आमच्या एका नातेवाइकांनी उत्तर दिलं होतं, "पोटातला देव कोपलाय, गोळ्या बंद कर आणि नेम धर." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. पण श्लोकात कोपाचा शब्दही नाही. 'राहतो' आहे, 'पचवतो' आहे. भगवंतानं इथे अट घातलेली नाही, की निरोगी पोटातच राहीन.

ज्ञानेश्वरीत माउलींनी या श्लोकावर आगटीची उपमा घेतलीय. नाभीपाशी आगटी पेटलीय आणि प्राण-अपानाचा जोडभाता रात्रंदिवस फुंकतोय. लोहाराचा भाता पाहिलेल्यांना हे लगेच दिसेल. मला वाटतं इथेच उत्तर आहे. आगटीतला विस्तव वेगळा आणि घराला लागलेली आग वेगळी. सूज म्हणजे वैश्वानर नव्हे. आग लागली तर कुणी अग्नीची पूजा करत बसत नाही, पाणी मारतं. डॉक्टर मेसालामिन देतात, कधी स्टिरॉइड, कधी त्याहून जड औषधं, ते हेच पाणी मारणं आहे. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं गोळ्या सोडल्या की आजार पुन्हा उसळण्याची शक्यता वाढते.

जोडभात्यातला दुसरा भाग पाहा. अपान. शरीरातलं खाली जाणारं, बाहेर टाकणारं ते अपान. भगवंतानं त्याचं नाव प्राणाच्या बरोबरीनं घेतलंय. आपण मात्र प्राणाबद्दल प्रवचनं करतो आणि अपानाबद्दल घरातही बोलत नाही. शौचातून रक्त जातंय, रात्री पोटानं झोपमोड होते, वजन उतरतंय, हे मुलंमुली महिनोन् महिने लपवतात. मूळव्याध असेल म्हणून सोडून देतात. असं काही होत असेल तर पोटाच्या डॉक्टरांकडे जा, दुर्बिणीची तपासणी सांगितली तर करून घ्या. गीतेला ज्याची लाज नाही, त्याची आपल्याला का असावी?

लाजेवरून औंढा आठवतं. मी हिंगोली जिल्ह्यातली. नर्सी नामदेव, औंढा नागनाथ ही आमची माहेरची ठिकाणं. औंढ्याचा गाभारा खाली आहे, वाकून, अंग चोरून उतरावं लागतं, आणि गर्दीत मध्येच परत फिरणं सोपं नाही. पोटाचा भरवसा नसलेल्या माणसाला ती रांग काय वाटते ते ज्याला माहीत त्यालाच माहीत. शिवाय मनात ते सोवळ्याचं, की असल्या पोटानं देवासमोर जावं का.

पण आमच्याकडे नामदेवांची कथा सांगतात ती याच औंढ्याची. गोरोबाकाकांनी थापटून कच्चं मडकं ठरवलेले नामदेव गुरू शोधत आले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, बाबा, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंड. जागा सापडेना. मी ही कथा लहानपणापासून ऐकतेय, पण सुजलेलं आतडं हीसुद्धा त्याच 'जिथे'मधली एक जागा आहे, हे आजारानंतर कळलं. आता मी श्रावण आणि महाशिवरात्र टाळून आडदिवशी सकाळी जाते. नाहीच उतरता आलं तर बाहेरून हात जोडते. देऊळ मागच्या बाजूला उभ्या नामदेवांकडे फिरलं अशी कथाही तिथलीच आहे ना!

उपासाचं विचारणारे बरेच असतात. सहाव्या अध्यायात भगवंतांनी स्पष्ट सांगितलंय की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. साबुदाणा, शेंगदाण्याचं कूट, तळलेले पापड यांची एकादशी माझ्या पोटाला झेपत नाही. आजार उसळलेला असतो तेव्हा मी सरळ मऊ भात आणि मुगाचं वरण खाते आणि हरिपाठ म्हणते. "एकादशी दुप्पट खाशी"पेक्षा हे बरंच म्हणायचं. ज्याचं त्याचं पोट वेगळं, त्यामुळे माझा आहार कुणी उचलू नका.

आणि हळद! वसमत-हिंगोलीच्या बाजूची मी, त्यामुळे भेटेल तो हळद सुचवतो. हळदीतल्या कर्क्युमिनवर या आजारासाठी अभ्यास झालेत, पण ते औषधाच्या जोडीला घेण्याबद्दल, औषधाच्या जागी नव्हे. तेही डॉक्टरांना विचारून.

जपानचे शिंझो आबे यांना किशोरवयापासून हाच आजार होता. २००७ मध्ये त्यांनी पंतप्रधानपद सोडलं, २०१२ मध्ये परत आले आणि त्यांच्या देशात सगळ्यांत जास्त काळ पंतप्रधान राहिले. २०२० मध्ये त्याच आजारामुळे पुन्हा पायउतार झाले. लोक यातली एकच बाजू सांगतात, परत आले ती किंवा सोडलं ती. मला दोन्ही एकत्र बरी वाटतात.

सध्या घरात माझ्यासाठी स्थळं बघतायत. "पोटाचं सांगू नका" असा सल्ला आईला मिळतो. आई पहिल्याच फोनवर सांगते. दोन ठिकाणांहून नंतर फोन आला नाही. तिसऱ्यांनी विचारलं, "मग जेवायला काय करायचं तिच्यासाठी?" ते रविवारी येतायत.

माझी गोळी जेवणानंतरची आहे, म्हणून श्लोक आधी. उद्या १५ वा श्लोक घेऊ, स्मृती आणि विसर दोन्ही त्याच्याकडूनच येतात असं सांगणारा.

रामकृष्ण हरी.