नाव तिचेच राहू द्या

समजा, परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातल्या एका घरात मुलगी जन्मली आहे. बारसे तोंडावर आले आहे, घुगऱ्यांसाठी हरभरे निवडून ठेवले आहेत आणि नावापाशी घर अडले आहे. आजीला ‘पूर्णा’ हवे आहे. तिचे सारे आयुष्य पूर्णा नदीच्या काठी गेले. जिंतूरकडच्या येलदरी धरणावरून येणारी आणि याच तालुक्यात गोदावरीला मिळणारी ही नदी तिला घरातल्या माणसासारखी आहे. आईला ‘पूर्वा’ हवे आहे. तालुक्याचेच नाव लेकीला ठेवले तर शाळेत पोरे चिडवतील, अशी तिला धास्ती आहे. दोन्ही नावे गोड आहेत, फरक एका जोडाक्षराचा. तरीही दोघींचे बोलणे तुटत चालले आहे.

असे प्रसंग परभणी जिल्ह्यातच काय, कुठल्याही मराठी घरात घडतात. कुणी त्यांना क्षुल्लक म्हणेल. मला मात्र या वादाचा आधी आनंद वाटतो. साताऱ्यात ऑक्टोबर 2011मध्ये जिल्हा परिषदेने 285 मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली होती. तोवर त्या मुली ‘नकुशी’, ‘नकोशी’ म्हणून ओळखल्या जात होत्या. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली, एवढाच त्यांचा गुन्हा. शाळेच्या हजेरीत रोज आपले नकोसेपण ऐकत त्या वाढल्या. त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर 1000 मुलग्यांमागे 894 मुली होत्या. अशा महाराष्ट्रात एका मुलीच्या नावातल्या एका अक्षरासाठी घर जागे राहत असेल, तर ती मुलगी हवीशी आहे, हे निश्चित.

पण हवीशी असणे वेगळे आणि आपल्या मालकीची मानणे वेगळे. नावाच्या वादात ही सीमा नकळत ओलांडली जाते. आजी म्हणते, माझा एवढाही मान नाही का? कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, म्हणून निवडही आपलीच, असे आत्याला वाटते. पंचांग पाहणारा नावरसाचे अक्षर काढून देतो. या गर्दीत बाळंतिणीचा आवाज बहुधा सगळ्यांत शेवटी ऐकला जातो, कधी ऐकलाही जात नाही. जिने नऊ महिने भार वाहिला, तिला आधी विचारावे, हा साधा न्याय आहे. वडीलधाऱ्यांचा मान त्याने कमी होत नाही. आणि जिच्यासाठी हे सारे चालले आहे, तिला तर विचारण्याची सोयच नाही. म्हणून तिच्या बाजूने विचार करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य ठरते. हे नाव तिला आयुष्यभर आनंदाने सांगता येईल का, एवढेच पाहावे. ‘माझे ऐकले गेले का’ हा प्रश्न पाळण्यापाशी आणू नये.

दोन नावे इतकी जवळची असली की आणखी एक धोका असतो. ज्याचे ऐकले गेले नाही, तो आपलेच नाव चालू ठेवतो. आई पूर्वा म्हणते, आजी पूर्णा म्हणते, आणि कुणाच्या हाकेला ओ द्यायची यावरून लेकराला घरातल्या तटांची ओळख होते. लाडाची टोपणनावे खुशाल असावीत, पण हट्टाचे दुसरे नाव असू नये. नाव ठरले की ज्याचा आग्रह मागे पडला, त्याने सर्वांत आधी त्या नावाने हाक मारावी. घर एकत्र ठेवणारा मोठेपणा तोच.

कागदावरही काळजी हवी. 1 ऑक्टोबर 2023पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे. त्यात ‘र्व’चा ‘र्ण’ झाला किंवा दीर्घ ऊकार ऱ्हस्व झाला, की पुढे ती मुलगी कचेऱ्यांचे उंबरे झिजवते. घाईचे मात्र कारण नाही. जन्माची नोंद वेळेत करावी. नाव ठरले नसेल तर ते बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येते. 1 मे 2024पासून जन्मलेल्या बाळाच्या नावानंतर आईचे नाव लिहिणे राज्य सरकारने बंधनकारक केले आहे. मुलीच्या नावाशेजारी तिच्या आईला जागा मिळाली, हे फार चांगले झाले.

आता सर्वांत महत्त्वाचे. ज्या नावातल्या एका अक्षरासाठी आपण इतके झगडतो, ते अख्खे नाव पुढे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने पुसले जाते. नवरा नवे नाव लिहितो, पेढे वाटले जातात आणि पंचवीस वर्षांची ओळख माहेरीच राहते. कुठल्याही कायद्याची तशी सक्ती नाही. तिने स्वतः हौसेने बदलले तर तो तिचा अधिकार आहे. पण न विचारता बदलणे हा तिच्यावरचा अन्याय आहे, मग त्याला रीत म्हणा की हौस.

परभणी जिल्ह्यातल्याच गंगाखेडची संत जनाबाई आठवा. परंपरा सांगते की, ती लहानपणीच नामदेवांच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, झाडलोट करणाऱ्या त्या बाईने आपल्या अभंगांत आपले नाव घातले. स्वतःला नामयाची दासी म्हणवतानाही तिने ‘जनी’ हे नाव सोडले नाही. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत आणि सातशे वर्षांनंतरही आपण तिला तिच्याच नावाने ओळखतो. दासीलाही स्वतःचे नाव असते, हे तिने दाखवले. मग आपल्या लेकीसुनांचे नाव इतके सहज पुसण्याजोगे का असावे?

म्हणून पूर्वा ठेवा किंवा पूर्णा ठेवा, दोन्ही सुंदर आहेत. आईला विचारा, सगळ्यांनी मिळून ठरवा, दाखल्यावरचे प्रत्येक अक्षर वाचून घ्या. नाव निवडण्याचा आपला अधिकार बारशाच्या दिवशी संपतो. त्यानंतर ते नाव तिचे. ते जपायचे की बदलायचे, हे ठरवण्याचा हक्क फक्त तिचा आहे. लेक असो वा सून, हा हक्क तिला द्या.