आधी सांगायचं ना!

दोस्तहो, एक साधा सवाल आहे. कुणी विचारलं नाही आणि आपण सांगितलं नाही, तर ते खोटं बोलणं झालं का? पंचशील आपण रोज म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्यात गप्प बसणं मोडतं की नाही, हे मला कुणा भन्तेजींनी नीट सांगितलं नाही. सवाल मला विहारात पडला नाही. तो एका कारच्या पुढच्या सीटवर पडला.

२०१६ साल. एम.ए.चं पहिलं वर्ष. मी विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात राहणारा, आणि विद्यापीठ कालिन्याला. सकाळी स्टेशनपर्यंत तंगडतोड, मग स्लो लोकलनं कुर्ला, कुर्ला पश्चिमेला उतरून बसची लाईन. ती लाईन ज्यानं पाहिली त्यालाच कळेल. रिक्षावाले अंगावर येतात, पावसात पायाखाली काळा चिखल, बस आली की लाईन मोडते आणि ज्याचं कोपर मजबूत तो आत. मग सीएसटी रोडनं कपाडिया नगर, आणि नशीब असेल तर पहिल्या लेक्चरला निम्मी हजेरी. बसचं कमीत कमी तिकीट तेव्हा ८ रुपये. शिष्यवृत्तीचा पैसा वर्ष संपता संपता हातात पडायचा, म्हणून आठ रुपये हे आठ रुपयेच होते.

आमचे अप्पा बेस्टमध्ये कंडक्टर होते. रिटायर झाले तरी बोटं अजून पंच वाजवल्यासारखी टेबलावर वाजतात. ते म्हणायचे, गर्दीच्या गाडीत कोण कुणाचा हे बघायला जागाच नसते. खरंय. कुर्ल्याच्या बसमध्ये माझ्या छातीला कुणाची पाठ आणि माझ्या पाठीला कुणाची छाती लागली, हे मला माहीत नाही, त्यालाही नाही. हजारो वर्षं जे शास्त्रांनी जमू दिलं नाही ते बसनं रोज सकाळी जमवलं. पण त्याला मी समता म्हणणार नाही. ते नुसतं अज्ञान आहे. उतरलं की संपलं.

सप्टेंबरात वर्गातला एक मुलगा म्हणाला, अरे तू हायवेलाच राहतोस ना, मी मुलुंडहून गाडी घेऊन येतो, तुला उचलतो. पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पेट्रोलचे पैसे कधी मागितले नाहीत. नोट्स द्यायचा. कन्नमवार नगरच्या हायवे स्टॉपवर मी पावणेआठला उभा राहायचो, तो काच खाली करायचा, मी आत. अमर महालला उजवीकडे वळून सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड, म्हणजे २०१४ ला सुरू झालेला तो उंच पूल, कुर्ल्याचे रूळ पायाखाली, आणि वरून खाली ती बसची लाईन कुठं असेल याचा अंदाज घेत मी थंड हवेत बसलेला. नोव्हेंबरात तर नोटाबंदी झाली. आठ तारखेला पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या, सुट्ट्या पैशांवरून बसमध्ये रोज भांडणं. मला वाटायचं, सुटलो बुवा.

माझं आडनाव जाधव. हे आडनाव गावातही असतं आणि गावाबाहेरही. त्यानं मला गावातला धरलं. विचारलं नाही. विचारायची गरजच त्याला वाटली नाही.

त्या वर्षी ऑगस्टपासून मराठा समाजाचे मूक मोर्चे निघत होते. कोपर्डीच्या मुलीवर झालेला अत्याचार कुणाचंही काळीज जाळील असाच होता, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण मागण्यांमध्ये ॲट्रॉसिटी कायद्यात बदल करा हीही होती. हा मला म्हणायचा, तुमचे मोर्चे काय शिस्तीत निघतात यार, नाहीतर बाकीच्यांचे बघ. 'तुमचे'. मी काचेतून बाहेर बघायचो. मोर्चाही मूक आणि मीही मूक.

आणि बाहेर काय होतं? कन्नमवार नगर सोडलं की थोड्याच वेळात डाव्या हाताला माता रमाबाई आंबेडकर नगर लागतं. ११ जुलै १९९७ च्या सकाळी तिथं बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला, माणसं रस्त्यावर आली, आणि राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. मी तेव्हा तीन वर्षांचा. अप्पा त्या दिवशी ड्युटीवर गेले नाहीत, एवढं आई सांगते. तर तिथं गाडी अडकली की हा हॉर्न दाबून म्हणायचा, ह्या लोकांनी हायवे अडवून ठेवलाय, एकदा साफ करून टाकला पाहिजे. मी गप्प. एकदा नाही, पाच-सहा वेळा तरी. नंतर नंतर मी ते वाक्य यायच्या आधीच मोबाईल काढून बघायला लागलो.

आता आपण चळवळीतली पोरं याला काय म्हणतो? म्हणतो, जात लपवली. ब्राह्मणाळला. साला पांढरपेशा झाला. शिवी सोपी आहे. मीही दुसऱ्यांना ती दिलेली आहे. पण थांबा, आणि जरा बाबासाहेबांच्याच गाडीत बसा.

१९०१ सालची गोष्ट. बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे. वडील नोकरीनिमित्त गोरेगावला (मुंबईचं नव्हे, साताऱ्याकडचं). त्यांना भेटायला निघालेली ही पोरं मसूर स्टेशनात उतरली. कपडे चांगले, टोप्या चांगल्या. स्टेशनमास्तरला वाटलं ब्राह्मणांची मुलं असतील. त्यानं विचारलं, तुम्ही कोण? आणि या मुलानं क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं, आम्ही महार. मास्तरचा चेहरा उतरला. बैलगाडी मिळेना, विटाळ होईल म्हणून कुणी गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं, पोरांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानानं बाजूनं चालायचं, अशा अटीवर एक मिळाला. हे आपल्याला पाठ आहे. भाषणात आपण इथवरच सांगतो.

पुढचं सांगत नाही. त्याच रात्री पाणी नव्हतं. टोलनाक्यावर पाणी मिळेल, पण महार म्हणून कुणी देणार नाही, मुसलमान म्हणून मागा, असं गाडीवानानं सुचवलं. आणि त्याच मुलानं नाकेदाराकडे जाऊन उर्दूत बोलून, आम्ही मुसलमान, असं सांगून पाणी मागितलं. पाणी मिळालं नाहीच. एकाच प्रवासात एकदा खरं सांगितलं तर गाडी गेली, एकदा खोटं सांगितलं तरी पाणी आलं नाही. पुढे १९१७ ला, कोलंबियात शिकून आलेला हा माणूस बडोद्यात नोकरीला गेला तर राहायला जागा नाही. पारशी नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत राहिला, आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेल्या पारशांनी येऊन बाहेर काढलं. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय, आठवणींचं ते छोटं पुस्तक १९९० ला छापलं गेलं. लपवावं लागलं हे त्यांनी लपवलं नाही. कोण म्हणेल त्यांनी शील मोडलं? तहानलेल्या पोराला, तुझं नाव खरं सांग मग पाणी देतो की नाही ते बघतो, असं म्हणणारा आधी गुन्हेगार. त्याला खरं उत्तर मागायचा हक्कच नाही.

पँथरची पोरं अमेरिकेतल्या काळ्यांकडे बघत होती, आपणही बघू. अलाबामातल्या माँटगोमेरीत १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत. त्यानंतर ३८१ दिवस तिथल्या काळ्यांनी बस सोडली. पायी गेले, आणि एकमेकांना मोटारींतून नेलं-आणलं, चक्क वेळापत्रक लावून. कातडीवर लिहिलेलं त्यांना लपवता येत नव्हतं. कोण कुठं बसायचं हे बसमध्ये आधीच ठरलेलं होतं. आपलं कातडीवर नाही, म्हणून आपल्याला सीट मिळते. आणि सीट मिळाली की तोंड मिटायचा मोह होतो. त्यांच्या मोटारीत ती बाई उठली नाही हीच गोष्ट चालली असणार. माझ्या मोटारीत एफएम चालू होता.

मग मी मोकळा झालो का? नाही. तेच मला तुमच्यापुढं ठेवायचंय.

६ डिसेंबरला मी चैत्यभूमीवर होतो, पुस्तकांच्या स्टॉलवर. आदल्या दिवशी हा म्हणाला होता, उद्या दादरला जाऊ नकोस, फार घाण असते. सातला सकाळी गाडीत बसल्याबरोबर त्यानं विचारलं, काल दिसला नाहीस? मी म्हणालो, चैत्यभूमीला होतो. दरवर्षी जातो. आम्ही बौद्ध.

गाडी चालली होती. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "अरे, आधी सांगायचं ना!"

त्या वाक्यानं मी रात्रभर जागा होतो. आधी सांगायचं. का सांगायचं? त्यानं कुठं सांगितलं होतं मला स्वतःचं? त्याचं आडनाव ऐकून मी समजून घ्यायचं, आणि माझं आडनाव पुरेसं बोलत नाही म्हणून मी तोंडानं सांगायचं. म्हणजे त्याला कळेल, आता जरा जपून बोलायचं. कुत्र्याच्या गळ्यात घंटा बांधतात तशी. पुढं म्हणाला, तुझ्याबद्दल नव्हतो रे म्हणत, तू वेगळा आहेस. आणि मी, दोस्तहो, मी बरं बरं म्हणालो.

जात सांगितली म्हणून छाती फुगली होती माझी. अप्पांना सांगितलं. ते बोटं वाजवत ऐकत होते. म्हणाले, "चांगलं केलंस. आन् त्या दहा जणांचं काय सांगितलंस?"

काहीच नाही. चार महिन्यांत काहीच नाही. इथं माझा हिशोब चुकला होता. मी समजत होतो माझ्यावर जात सांगायचं कर्ज आहे. ते नव्हतंच. माझं नाव माझं आहे, कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, माझी मर्जी. बडोद्याची, टोलनाक्याची तीच साक्ष आहे. पण डाव्या हाताला रमाबाई नगर असताना, इथं १९९७ ला गोळीबार झाला, दहा माणसं मेली, आणि तू साफ करायची भाषा करतोस, हे बोलायला मला जात सांगायची गरज नव्हती. सीटवर कुणी जोशी असता, कुणी पाटील असता, तरी त्याला बोलता आलं असतं. बोललाच पाहिजे होता. मी मात्र जेव्हा बोललो तेव्हा स्वतःपुरतं बोललो. म्हणून त्यालाही माफी स्वतःपुरती मागता आली. तो आणि मी मिटवून मोकळे. ती माणसं जिथल्या तिथं, हायवेच्या कडेला.

कुणी म्हणेल, एवढं काय, गाडीतली फालतू बडबड. असेल. पण पुढं जाऊन अशीच पोरं ऑफिसर होतात, नगरसेवक होतात, आणि साफ करायचं म्हणजे काय ते त्यांच्या सहीनं ठरतं. शिवाय आपणही आता गाड्या घेऊ लागलोय. माझा मावसभाऊ ईएमआयवर घेतलेल्या गाडीतून त्याच हायवेनं जातो आणि त्याच जागी तोच हॉर्न दाबतो. त्याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

लिफ्ट लगेच बंद झाली नाही. दोन आठवडे चालली. बोलणं नुसतं परीक्षेचं. मग म्हणाला, सकाळी जिम लावलंय, लवकर निघतो. जानेवारीत मी परत कुर्ल्याच्या लाईनीत. पहिल्या दिवशी कंडक्टरनं सुट्टे नाहीत म्हणून माझ्याशी भांडण काढलं, आणि मागचा एक म्हातारा म्हणाला, जाऊ द्या हो, पोरगा शिकायला चाललाय. आठ रुपये त्यानंच दिले. गाव विचारलं नाही, नावही नाही.

मुलुंडचा तो आता नोकरीला आहे. दिवाळीला मेसेज पाठवतो, मी १४ एप्रिलला पाठवतो, तो अंगठा दाखवतो. त्या दहा जणांचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. नंबर आहे माझ्याकडे.