घड्याळ आणि काळ

राजा ककुद्मी आपली कन्या रेवती हिला घेऊन ब्रह्मलोकी गेला, तेथे गायन चालले होते म्हणून क्षणभर थांबला, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटली, ही भागवताच्या नवव्या स्कंधातील कथा आपण ऐकली आहे. ती सांगितली की श्रोत्यांतून कोणी तरी म्हणतेच, "हीच आइन्स्टाईनची सापेक्षता!" आम्हीही पूर्वी असेच म्हणत असू. परंतु 'काळ मंदावतो' म्हणजे नेमके काय मंदावते, हे आम्ही स्वतःस कधी विचारलेच नव्हते.

हा प्रश्न ६ एप्रिल १९२२ रोजी पॅरिस येथे आन्री बर्गसाँ या तत्त्वज्ञाने प्रत्यक्ष आइन्स्टाईन यांच्यासमोर काढला. काटा सरकतो ती केवळ हालचाल; मागचा क्षण स्मरणात धरणारा कोणी नसेल, तर तिला काळ का म्हणावे, असा त्यांचा आशय. आइन्स्टाईन यांचे उत्तर रोखठोक होते : तत्त्वज्ञांचा असा वेगळा काळ नाहीच; एक मनाचा, दुसरा पदार्थविज्ञानाचा.

बर्गसाँ एके ठिकाणी चुकले, हे मान्य केले पाहिजे. वेगाने प्रवास करून परतलेल्या जुळ्या भावाचे वय घरी राहिलेल्याइतकेच भरेल, असे ते मानीत. १९७१ साली हाफेले व कीटिंग यांनी सीझियमची चार घड्याळे विमानाने पृथ्वीभोवती फिरविली. पूर्वेकडील फेरीत ती सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडील फेरीत २७३ पुढे गेली. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग! घड्याळाचे यंत्रच बिघडले असेल, ही पळवाटही उरली नाही. सर्न प्रयोगशाळेच्या १९७७ च्या प्रयोगात वर्तुळात फिरणाऱ्या मुऑन कणांचे आयुष्य स्थिर कणांच्या सुमारे २९ पट भरले, आणि मुऑनला काटे नसतात.

मात्र येथवर जे सिद्ध झाले ते एवढेच की, निरनिराळ्या वाटांनी जाऊन पुन्हा भेटणाऱ्यांचा काळ सारखा भरत नाही. भूत, भविष्य सारेच आधीपासून मांडून ठेवलेले असून काळाचे वाहणे हा भ्रम आहे, हे मोजमाप नव्हे. तो त्यावरचा अर्थ आहे, आणि त्याविषयी शास्त्रज्ञांतही एकमत नाही. वेगाने जाणाऱ्या प्रवाशाला स्वतःचा क्षण लांबल्याचे जाणवतही नाही.

ककुद्मीलाही जाणवले नव्हते. पण त्याच्या कथेत वेगाचा उल्लेख कोठे आहे? तेथे ब्रह्मदेव हसून सांगतात की, राजा, तू मनात योजिलेले वर तर गेलेच, त्यांच्या नातवंडांची नावेही आता कानी येत नाहीत. मुलीचा हात धरून उभ्या असलेल्या बापाने हे ऐकले! पुढील खेपेस ही कथा लावू तेव्हा आम्ही याच ठिकाणी थांबू. आइन्स्टाईन यांचे नाव घेणार नाही.