मुलूख नसलेली भाषा

1947 च्या फाळणीत पंजाब आणि बंगाल दुभंगले, पण सिंध अखंडच पाकिस्तानात गेला. त्यामुळे पंजाबी व बंगाली निर्वासितांना सीमेच्या अलीकडे आपल्या भाषेचा थोडातरी मुलूख उरला, सिंधी हिंदूंना तेवढाही उरला नाही. कल्याणची लष्करी छावणी, जिचे पुढे उल्हासनगर झाले, आणि पुण्यालगतचा पिंपरी कॅम्प येथे त्यांनी बिऱ्हाडे मांडली. 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पिंपरीला उद्योगनगरीची दिशा दाखविली, त्यापूर्वीच या लोकांनी तेथे संसार आणि व्यापार यांची नव्याने उभारणी आरंभिली होती.

त्याच 1954 साली विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि गमावलेल्या घरादारांच्या दाव्यांवर सरकारदरबारी निवाडे होऊ लागले. परंतु गमावलेल्या भाषिक परिसराचा दावा कोणत्या कचेरीत दाखल करावयाचा? 1967 साली सिंधीला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले खरे, तथापि जिच्यात राज्यकारभार चालावा असे राज्य तिला मिळाले नाही. त्यातच लिपीचा वाद उद्भवला. बावन्न अक्षरांची अरबी वळणाची लिपी एकीकडे आणि श्वास आत ओढून उच्चारावयाच्या चार ध्वनींसाठी ग, ज, ड, ब यांखाली रेघ देणारी देवनागरी दुसरीकडे, अशा ओढाताणीत आजोबांच्या हातची पत्रे नातवाला वाचता येईनाशी झाली. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, आराध्य दैवत झूलेलालचा बहराणा, म्हणजे कणकेच्या दिव्याने उजळलेले ताट, आजही थाटाने मिरवतो आणि दाल-पकवान मराठी जिभेलाही रुचते. मात्र जी भाषा केवळ घरात बोलली जाते, ती नातवंडांच्या पिढीत घरातूनही निघून जाते.

इराक-सीरियातून परागंदा होऊन शिकागोत किंवा स्वीडनमध्ये स्थिरावलेल्या असीरियन समाजापुढेही भाषा टिकविण्याचा हाच प्रश्न उभा आहे. निर्वासिताला आसरा देणे हे यजमानाचे पहिले कर्तव्य, पण शेवटचे नव्हे. भाषेला राज्य असणे म्हणजे काय, हे 1960 साली संयुक्त महाराष्ट्र झगडून मिळविणाऱ्या आपल्याला तरी कोणी शिकवावयास नको. म्हणूनच पालिकेच्या शाळेत सिंधीचा एक तास, ग्रंथालयात दोन्ही लिप्यांतील पुस्तकांचे एक कपाट आणि वृद्धांच्या आठवणींची रीतसर नोंद, एवढी तजवीज आपण अगत्याने करावी. चाकणच्या कारखान्यांत आज ओडिशा-बिहारहून येणाऱ्या कामगारांच्या मुलांनाही उद्या याच न्यायाची गरज भासेल. ज्याच्या श्रमाने नगर वाढते, त्याच्या भाषेलाही त्या नगरात हक्काची जागा असली पाहिजे.