तोंडचा शब्द

दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून घेणे हे आपल्याकडे पाप मानले जाते. दुसऱ्याच्या तोंडचा शब्द काढून घेण्याला मात्र आपल्या नीतिविचारात वेगळे नाव नाही. हे कृत्य बहुधा प्रेमापोटी घडते, आणि म्हणूनच ते ओळखू येत नाही. पक्षाघातातून सावरणाऱ्या जोडीदाराची शुश्रूषा ज्या घरात चालू असते, तिथे हा प्रश्न दिवसातून अनेकदा उभा राहतो. ज्याला शब्द सापडत नाही, त्याच्या वतीने आपण केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प राहावे?

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला किंवा तिथली रक्तवाहिनी फुटली, की पक्षाघात होतो. इजा मेंदूच्या डाव्या गोलार्धात असेल तर उजवे अंग दुर्बळ होते आणि पुष्कळदा वाणीवरही घाला पडतो. याला वाचाघात म्हणतात. वाचाघातात भाषा जाते. बुद्धी जातेच असे नाही. काही रुग्णांना ऐकलेले समजणेही जड जाते हे खरे. परंतु अनेकांना आपल्याला काय म्हणायचे आहे ते पुरते ठाऊक असते, फक्त त्यासाठीचा शब्द हाती लागत नाही. तो शोधायला वेळ लागतो. अर्धा मिनिट, कधी एक मिनिट. समोर बसलेल्या पत्नीला किंवा पतीला हा मिनिट असह्य होतो. मग ती किंवा तो स्वतःच वाक्य पुरे करून टाकतो. ते वाक्य बहुतेक वेळा बरोबरही असते. प्रश्न त्याच्या अचूकपणाचा नाही. ते कुणाचे आहे, याचा आहे.

आपल्या हैदराबाद शहरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. दिलसुखनगरसारख्या वस्तीतील मराठी माणूस घरात मराठी बोलतो, भाजीच्या बंडीपाशी तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी वळणाची हिंदी आणि कचेरीत इंग्रजी. याच शहरातील निझाम आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे आपण ज्याला 'निम्स' म्हणतो तिथे, पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास झाला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. पक्षाघातानंतरही ज्यांची आकलनशक्ती अबाधित राहिली, अशांचे प्रमाण एकभाषिक रुग्णांत १९.६ टक्के, तर एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत ४०.५ टक्के आढळले. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. अनेक भाषांचा सराव विचारशक्तीला आधार देत असावा. जिभेला मात्र तो तसे संरक्षण देत नाही, एवढे यातून सुचते. म्हणजे आत विचार शाबूत आणि बाहेर वाट बंद, अशी अवस्था आपल्यासारख्या बहुभाषिक घरांनी विशेष गांभीर्याने ध्यानात घ्यायला हवी.

अशा माणसाच्या भाषा परततात त्याही ठरल्या क्रमाने नव्हे. पुष्कळदा सगळ्या बरोबरीने सुधारतात. कधी एक पुढे जाते आणि दुसरी मागे रेंगाळते. जेवताना पतीला 'ताक' हा शब्द सापडत नाही आणि तोंडून 'मज्जिग' हा तेलुगू शब्द येतो, असे होऊ शकते. अशा वेळी "अहो, ताक म्हणा, ताक" असे सांगणारी पत्नी मराठीवरच्या प्रेमापोटीच बोलत असते. तथापि त्या क्षणी मज्जिग हाच त्याने स्वतः मिळवलेला शब्द असतो. तो स्वीकारून ताकाचा पेला पुढे करणे म्हणजे, तुमचे बोलणे माझ्यापर्यंत पोचले, असे सांगणे होय. भाषेची दुरुस्ती पुढे कधीही होऊ शकेल.

जोडीदाराच्या वतीने बोलण्याचे टोक पाहायचे तर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे उदाहरण घ्यावे. २ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांना तीव्र पक्षाघात झाला आणि डावे अंग लुळे पडले. आजाराचे गांभीर्य लोकांपासून दडवण्यात आले. पत्नी एडिथ यांनी रुग्णाच्या खोलीचे दार अडवले. कोणता कागद आत जाईल आणि कोणता नाही, हे त्या ठरवू लागल्या. आपण राज्यकारभाराचा एकही निर्णय घेतला नाही, कोणती बाब महत्त्वाची आणि ती पतीपुढे केव्हा मांडायची एवढेच ठरवले, असा खुलासा त्यांनी पुढे आत्मकथनात केला. तो प्रामाणिक असेलही. परंतु काय महत्त्वाचे हे ठरवणे, यापरता मोठा निर्णय कोणता? जी गोष्ट राष्ट्राध्यक्षांच्या निवासात घडली, ती लहान प्रमाणावर कोणत्याही तीन खोल्यांच्या घरात घडते. "त्यांना कशाला त्रास," असे म्हणून मुलीच्या स्थळाची, घराच्या दुरुस्तीची, बँकेतील ठेवीची गोष्ट पतीच्या कानावर घातलीच जात नाही. त्रास वाचतो, आणि त्याबरोबर घरातले त्याचे स्थानही जाते.

दुसरे टोक याच्या अगदी उलट आहे. अभिनेत्री पॅट्रिशिया नील यांना फेब्रुवारी १९६५ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी आणि गरोदर असताना, पक्षाघात झाला. पती रोआल्ड डाल यांनी कीव करण्याचे साफ नाकारले. इंग्लंडमधील त्यांच्या गावी शेजारीपाजारी आळीपाळीने रोज तासन्‌तास येऊन त्यांचा अभ्यास घेत. वस्तूचे नाव उच्चारल्याखेरीज ती वस्तू हाती द्यायची नाही, असा डाल यांचा शिरस्ता होता. १९६८ साली पॅट्रिशिया पुन्हा चित्रपटात उभ्या राहिल्या आणि त्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. १९८३ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. त्याची कारणे निराळी होती. तरीही, ज्या घरात पाण्याचा पेला परीक्षेनंतर मिळतो, ते घर राहते की शाळा होते, हा प्रश्न उरतोच.

डाल यांच्या कठोरपणात शास्त्राचा अंश होता, हेही मान्य केले पाहिजे. जो हात वापरला जात नाही, तो मेंदूच्या हिशेबातून हळूहळू बाद होतो. म्हणून चांगला हात जाड मोज्यात बांधून दुबळ्याकडूनच काम करवून घेण्याची उपचारपद्धती निघाली आणि २२२ रुग्णांवरील तिचे अनुकूल निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. शर्टाची गुंडी लावून देणारा प्रेमळ हातही, रोज लावून दिली तर, बरे होण्याच्या आड येऊ शकतो. फरक एवढाच, की उपचारातला मोजा रुग्णाच्या संमतीने चढवला जातो. मला वाटते, दोन्ही टोकांतून वाट काढणारी कसोटी इथे सापडते. रुग्णाचा नकार घरात चालतो का? "आज नको" असे त्याने मान हलवून सांगितले आणि ते मानले गेले, तर ती मदत. एरवी मदतीच्या नावाने चालणारी सत्ता.

वतीने बोलावे लागणारे प्रसंग येतातच. डॉक्टरांपुढे, बँकेत, विम्याच्या कचेरीत कुणीतरी बोललेच पाहिजे. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात वाचाघातामुळे आलेल्या कायमच्या वाणीदोषाचा समावेश आहे, आणि त्यातील मर्यादित पालकत्वाची कल्पना परस्पर सामंजस्य व विश्वास यांवर आधारलेल्या संयुक्त निर्णयाची आहे. आपल्या परिचयाचा शब्द वापरायचा तर ती विश्वस्ताची भूमिका होय. विश्वस्त ठेव सांभाळतो, हिशेब दाखवतो, आणि मालक परतला की किल्ली सोपवतो. बोलून झाल्यावर "मी असे सांगितले, बरोबर ना?" एवढे विचारणे, हा तो हिशेब.

या सर्व विवेचनावर एक आक्षेप रास्त आहे. थांबायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणाचा? आपल्या समाजात बहुतांशी पत्नीचा. पती आजारी पडला तर पत्नीने सर्व सोडावे. पत्नी आजारी पडली तर मात्र सून, मुलगी किंवा बाई शोधली जाते. गांधारीने डोळ्यांवर पट्टी बांधली. तिच्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो, पण त्या त्यागाने धृतराष्ट्राला दृष्टी मिळाली नाही. घरातले पाहणारे डोळे तेवढे कमी झाले. शुश्रूषा करणाऱ्याने आपली झोप, आपले वाचन, आपल्या मैत्रिणी, आणि "मी आज थकले" हे म्हणण्याचा अधिकार जपला नाही, तर घरात वाचा गमावलेली माणसे दोन होतात. म्हणून थांबण्याचे हे काम घरातल्या सर्वांनी वाटून घेतले पाहिजे, मुलग्यांनीही.

विवाहात आपण परस्परांना अन्न, वस्त्र, संरक्षण यांचे वचन देतो असे मानतो. पक्षाघातानंतर त्यात एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे वेळ. समोरचा शब्द शोधत असताना ओठांवर आलेले उत्तर गिळून, त्याच्याकडे पाहत शांत बसणे. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीच केलेले दिसणार नाही. शब्द ज्याचा त्याला मिळावा, यासाठी तेवढे करणे मात्र पुष्कळदा सर्वांत कठीण असते.